गुन्हेशास्त्र आणि कायदा, दोन्ही एकत्र: खान्देशातून पदवीला कसं जमवायचं?

पांझराकाठ (धुळे)
बारावीचा निकाल लागला की दर वर्षी हाच प्रश्न चार वेगवेगळ्या धाग्यांवर येतो, आणि उत्तरं अर्धवट राहतात. म्हणून एकच धागा काढतोय. प्रश्न असा: क्रिमिनॉलॉजी आणि लॉ दोन्ही शिकायचं आहे. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे, मग इकडे एलएलबी आणि तिकडे क्रिमिनॉलॉजी असं चालतं का? जळगाव, धुळे, नंदुरबारात राहून किती होतं, बाहेर जायचं तर कुठे, आणि मुळात या दोन विषयांचा एकमेकांशी संबंध काय? ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच लिहा. ‘ऐकलं होतं’वाले उत्तर नको.

काळा कोट (जळगाव)
पहिला गैरसमज आधी काढू. यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये दोन पदव्यांची मुभा दिली हे खरं. पण एलएलबीवर बार कौन्सिल ऑफ इंडियाचे, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेचे, २००८ चे कायदे-शिक्षण नियम लागतात, आणि त्यातला नियम ६ सरळ आहे: कायद्याच्या पदवीला नाव नोंदवलेलं असताना दुसरा कुठलाही नियमित पदवी, पदव्युत्तर किंवा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करता येत नाही. सवलत तीनच ठिकाणी. एक, त्याच संस्थेतला पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, म्हणजे बीए एलएलबी वगैरे. दोन, भाषा किंवा संगणकाचा छोटा अर्धवेळ कोर्स. तीन, विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचा अभ्यासक्रम.

हा नियम कागदावरच आहे असं समजू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने परिपत्रक काढून कॉलेजांना सांगितलं की विद्यार्थ्याकडून दुसरी नियमित पदवी चालू नाही, नोकरी असेल तर ना-हरकत आहे, आणि गुन्हा दाखल असेल तर काय, हे लिहून घ्या. तिथे खोटं लिहून दिलं तर ते निकाल-पदवीच्या वेळी आडवं येतं. पाच वर्षांचा खेळ त्या एका कागदावर लावू नका.

पांझराकाठ
म्हणजे दूरशिक्षणाने क्रिमिनॉलॉजी करायची वाट उघडी आहे?

काळा कोट
आहे, पण तीन वर्षांच्या एलएलबीवाल्याला. तो आधीच पदवीधर असतो, त्यामुळे इग्नूचा क्रिमिनल जस्टिसचा पदव्युत्तर डिप्लोमा त्याला घेता येतो. बारावीनंतर पाच वर्षांच्या कोर्सला गेलेल्याकडे पदवीच नसते. आणि ‘तीन वर्षं झाली, आता बीए द्या, मी निघतो’ असंही होत नाही, कारण नियमांत मधून बाहेर पडायची आणि मधून आत यायची दोन्ही दारं बंद आहेत. पाचवं वर्ष संपेपर्यंत तो बारावी पासच. दूरशिक्षणाचा फॉर्म भरण्याआधी आपल्या लॉ कॉलेजच्या प्राचार्यांना अर्ज द्या आणि पोच घेऊन ठेवा. तोंडी ‘हो हो, करा’ पुढे कामाला येत नाही.

भरीतभाकरी (जळगाव)
दुसरीकडे कशाला धावायचं, एलएलबीच्या आतच क्रिमिनॉलॉजी आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. बार कौन्सिलच्या परिशिष्टात २० सक्तीचे पेपर, ४ प्रात्यक्षिकाचे, आणि किमान ६ वैकल्पिक. वैकल्पिकांचे गट आहेत आणि त्यात एक गट चक्क ‘गुन्हा आणि गुन्हेशास्त्र’ असा आहे. न्यायवैद्यक (फॉरेन्सिक), शिक्षाशास्त्र आणि पीडितशास्त्र, परिविक्षा (प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडणं) आणि पॅरोल, तुरुंग प्रशासन, गुन्ह्याचं मानसशास्त्र, पांढरपेशा गुन्हे, असे पेपर त्यात येतात. ऑनर्सला त्या-त्या गटाचे आणखी पेपर घ्यावे लागतात.

गोम इथे आहे: गट असणं वेगळं आणि तुमच्या कॉलेजात तो शिकवला जाणं वेगळं. लहान कॉलेजात शिकवणाऱ्यांची संख्या बघून जे पेपर ठरतात, तेच सगळ्यांना ‘निवडावे’ लागतात. माहितीपुस्तिकेवर विसंबू नका. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मागच्या दोन-तीन सत्रांचं लॉचं परीक्षा वेळापत्रक काढा. ज्या वैकल्पिक पेपरची परीक्षा झाली, तोच शिकवला गेला. आपल्या बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाखालच्या प्रत्येक लॉ कॉलेजसाठी हीच युक्ती. दहा मिनिटांचं काम आहे, आणि प्रवेशाआधी करायचं.

पाच वर्षांच्या कोर्सला पहिल्या दोन-तीन वर्षांत समाजशास्त्र, राज्यशास्त्र असे विषय असतात. त्यात समाजशास्त्र आणि मानसशास्त्राची जोडी मिळाली तर घ्या. अर्थशास्त्राला नावं ठेवत नाही, पण गुन्हेशास्त्राचा पाया समाजशास्त्रात आहे.

नंदनगरी (नंदुरबार)
आमच्याकडून पुण्यापेक्षा गुजरात जवळ, म्हणून तिकडचं सांगतो. गांधीनगरला दोन राष्ट्रीय विद्यापीठं आहेत, दोन्ही २०२० च्या संसदेच्या कायद्याने झालेली: राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आणि राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ. पहिल्यात बीएस्सी एलएलबी असा पाच वर्षांचा एकात्मिक कोर्स आहे. म्हणजे नियम ६ ची अडचणच नाही, एकाच संस्थेत विज्ञान आणि कायदा. प्रवेश त्यांच्या स्वतःच्या परीक्षेतून. नंदुरबार किंवा जळगावहून नवजीवन एक्सप्रेसने सुरतमार्गे अहमदाबाद, पुढे गांधीनगर. पण ज्या वर्षी प्रवेश घेताय त्या वर्षासाठी त्या कोर्सला बार कौन्सिलची मान्यता आहे का, हे बार कौन्सिलच्या यादीत स्वतः बघा.

आणि एक गोंधळ इथेच मिटवू. फॉरेन्सिक म्हणजे क्रिमिनॉलॉजी नव्हे. फॉरेन्सिक म्हणजे प्रयोगशाळा: रक्त, विष, बोटांचे ठसे, मोबाईलचा डेटा. त्याला रसायन, जीव, भौतिक लागतं, बारावी कला असेल तर ते दार बंद. विज्ञानवाल्यांना छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था जवळ पडते, बीएस्सी करून मग तीन वर्षांचं एलएलबी. क्रिमिनॉलॉजी म्हणजे गुन्हा का होतो, कोण करतो, कुणावर होतो, शिक्षेने काय बदलतं. ती समाजशास्त्राची शाखा. कलावाल्यांनी ‘मला लॅबमध्ये जायचंय’ म्हणून क्रिमिनॉलॉजी घेऊ नये भो, नंतर फार चिडचिड होते.

गिरणामाय (चाळीसगाव)
पदवीनंतरचं राहिलं. फक्त क्रिमिनॉलॉजीचं एमए करायचं तर मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजकार्यातली क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस ही शाखा आहे. त्याच संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कैदी आणि सुटून आलेल्यांबरोबर काम करतो. मध्य प्रदेशात सागर विद्यापीठात क्रिमिनॉलॉजी आणि फॉरेन्सिक सायन्सचा जुना विभाग आहे, भुसावळवाल्यांना रेल्वेने तो काही फार लांब नाही. एलएलबीनंतर एलएलएमला क्रिमिनल लॉ गट घेता येतो, तो वेगळा.

रावेरची केळी
हे सगळं प्रवेशाचं झालं. पण दोन्ही एकत्र शिकून फरक काय पडतो ते कुणी नीट सांगेल का? वकिलाला कलमं आली की झालं, असंच सगळे म्हणतात.

मुद्देमाल (भुसावळ)
केळी भाऊ, तुमच्याच शिवारातलं उदाहरण घेऊ. विहिरीवरून तांब्याची थ्री फेज केबल गेली.

कायदा विचारतो: कुठून गेली, किती किमतीची, कुणी नेली. उघड्यावर विहिरीच्या काठावरून गेली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२), साधी चोरी, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. तीच वस्तू, समजा स्टार्टर, कुलूप लावलेल्या पंपाच्या खोलीतून गेला तर ती मालमत्ता ठेवायची इमारत होते, मग कलम ३०५, सात वर्षांपर्यंत. भंगारवाल्याने जाणूनबुजून घेतली तर कलम ३१७. म्हणून फिर्यादीत ‘शेतातून चोरी’ एवढंच लिहिलं तर कलमच बदलतं. खोली होती का, दार होतं का, कुलूप तोडलं का, हे पहिल्या जबाबात आणि घटनास्थळ पंचनाम्यात यायला हवं. नंतर पुरवणी जबाबात आणलं की उलटतपासणीत बचावाचा वकील विचारतोच, ‘पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?’

गुन्हेशास्त्र वेगळं विचारतं: मोटार सोडून केबलच का? कोहेन आणि फेल्सन यांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धांत तीन गोष्टी बघतो: चोरी करायला तयार माणूस, सोपं लक्ष्य, आणि राखण नसणं. तिन्ही एका जागी, एका वेळी आल्या की गुन्हा घडतो. मोटार काढायला साखळी-कप्पी आणि चार माणसं लागतात, केबल एकटा कापून गुंडाळून मोटारसायकलवर नेतो. वरचं आवरण जाळलं की उरतं ते नुसतं तांबं, कुणाची केबल ते ओळखू येत नाही.

रावेरची केळी
यात एक भर घालतो. केबल चालू लाईनवर कापता येत नाही. कृषी फीडरला वीज पाळीने येते, त्यामुळे वीज नसलेले तास कोणते हे गावात सगळ्यांना पाठ असतं, चोरालाही. रात्रपाळीला शेतकरी पाणी भरायला शेतात असतो आणि लाईनही चालू असते. दिवसपाळीच्या आठवड्यात रात्री शेतात ना माणूस, ना करंट. तुमची तिसरी अट तिथेच पुरी होते. आणि महावितरणच्या खांबावरची तार गेली तर वीज कायदा २००३ चं कलम १३६ विसरू नका, सगळं ३०३ मध्ये कोंबू नका.

मुद्देमाल
अगदी बरोबर. हीच दोन विषयांची जोड. पाळीचं वेळापत्रक आणि चोरीच्या तारखा शेजारी मांडल्या तर चांगला लघुप्रबंध होतो. आता त्याच्याही पुढचं बघा, कारण खरा मुद्दा पुढेच आहे.

१ जुलै २०२४ ला जुन्या दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली, तेव्हापासून पाच हजारांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र झाली. पहिल्यांदाच दोषी ठरलेला असेल आणि माल किंवा किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. अदखलपात्र म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटल्याच्या कार्यपद्धतीचा नवा कायदा) कलम १७४ खाली फक्त एनसी नोंद, दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास नाही. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक तक्त्यांत मोजले जातात ते दखलपात्र गुन्हे. त्यामुळे साडेचार हजारांची केबल गेली तर ती चोरी आकड्यातून गळते. उद्या कुणी ‘तालुक्यात चोऱ्या घटल्या’ म्हणून आलेख काढला, तर आधी विचारायचं: चोऱ्या घटल्या की व्याख्या बदलली? नुसता कायदा शिकलेल्याला हे कलम पाठ असतं, नुसतं गुन्हेशास्त्र शिकलेल्याला आलेख काढता येतो. आलेखातली ती घसरण कलमामुळे आहे हे दोन्ही शिकलेल्यालाच दिसतं.

भरीतभाकरी
आकडेवारीवरून आणखी दोन खाचखळगे. एक, मुख्य गुन्ह्याचा नियम: एका एफआयआरमध्ये दरोडा आणि खून दोन्ही असले तर तक्त्यात फक्त सगळ्यात गंभीर तो, म्हणजे खून मोजला जातो. त्यामुळे तक्त्यातला आकडा म्हणजे घडलेले सगळे गुन्हे नव्हेत. दोन, दर नेहमी लाख लोकसंख्येमागे काढतात. समजा तीन लाखांच्या तालुक्यात ६० चोऱ्या, तर दर २०. पण साठ हजारांच्या तालुक्यात वर्षाला ३ खूनांचे ५ झाले तर दर ५ वरून ८.३ वर जातो आणि बातमी येते ‘खूनांत ६७ टक्के वाढ’. वाढले दोन. लहान आकड्यांवर टक्केवारी लावू नये, पाच वर्षांची सरासरी घ्यावी.

गिरणामाय
गुन्हेशास्त्रातला लेबलिंगचा सिद्धांत, म्हणजे समाजाने ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारल्यानेच माणूस त्या वाटेला ढकलला जातो हा विचार, पुस्तकात अमेरिकेच्या उदाहरणांनी शिकवतात. खान्देशात राहून ते कशाला? १८२५ मध्ये आउटरम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला खान्देश भिल्ल कोअर उभारली. ज्यांना ‘लुटारू’ ठरवलं त्यांनाच पगारी शिपाई करून बंदोबस्ताला लावायचं, हा तेव्हाचा प्रयोग. पुढे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला, जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा. तो ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त झाल्या. पण शिक्का लगेच पुसला गेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ ला सुकन्या शांता खटल्यात तुरुंग नियमावल्यांतली जातीवर आधारित कामवाटणी घटनाबाह्य ठरवली आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. १८२५ ते २०२४ अशी ओळ मांडून उत्तर लिहिलं तर त्यात सिद्धांतही येतो, कायदाही येतो आणि आपला इतिहासही.

काळा कोट
जुन्या संहिता टाकून देऊ नका हे इथेच सांगतो, दर वर्षी मुलं फसतात. न्याय संहिता ३५८ कलमांची, नागरिक सुरक्षा संहिता ५३१, साक्ष्य अधिनियम (पुराव्याचा नवा कायदा) १७०. पण १ जुलै २०२४ आधी घडलेल्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागते. खुनाचे खटले वर्षानुवर्षं चालतात, त्यामुळे कोर्टात खुनाचं जुनं ३०२ आणि नवं १०३ दोन्ही ऐकू येणार. तुलनात्मक तक्ता भिंतीवर लावा, पण पाठ करताना नवीन कलमाची भाषा वाचा. काही ठिकाणी नुसता क्रमांक नाही, आशयही बदलला आहे. वरची पाच हजारांची अट हेच उदाहरण.

नंदनगरी
पुराव्याचा पेपर दोन्हीकडून शिका. कायद्याच्या बाजूने: इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र, त्याचे भाग अ आणि ब. अ देणारा स्वतः, ब तज्ज्ञ, आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब च्या प्रमाणपत्राशिवाय चालणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात पक्कं केलं, शेजारच्या जालन्याची निवडणूक याचिका होती ती. सीसीटीव्हीचं फुटेज पेनड्राईव्हवर घेतलं आणि हॅश काढला नाही, तर ‘मधे बदललं नाही कशावरून’ याला उत्तर राहत नाही.

विज्ञानाच्या बाजूने: रक्ताचे डाग असलेला कपडा ओला असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत सील केला की ओल कोंडते, बुरशी लागते, डीएनए खराब होतो. सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, गाडीच्या डिकीत दोन तास राहिलेल्या पाकिटाचं काय होत असेल? सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६(३) सांगतं. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. गंमत बघा, मुद्देमाल भाऊंनी सांगितलेली पंपाच्या खोलीतली चोरी सात वर्षांवाली, म्हणजे स्टार्टरसाठीही तज्ज्ञ.

पांझराकाठ
प्रत्यक्ष कामाचा अनुभव शिकतानाच कुठे मिळेल? आमच्या धुळ्याच्या जेलचं नाव सगळ्यांना विनोबांच्या १९३२ च्या गीतेवरच्या प्रवचनांमुळे माहीत, पण आत विद्यार्थ्याला जाता येतं का?

मुद्देमाल
एकट्याने नाही. कॉलेजच्या विधी सहाय्य कक्षामार्फत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज, मग पॅनेलवरच्या वकिलांबरोबर तुरुंग भेट. इंटर्नशिप बार कौन्सिलच्या नियमाने सक्तीचीच: तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्याला २०, पण एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. म्हणून शेवटच्या वर्षी सगळं उरकू म्हणणारे अडकतात. एकदा तरी खालच्या कोर्टातल्या वकिलाकडे जाणं आवश्यक आहे. आणि ७० टक्के हजेरी सांभाळून.

तुरुंग भेटीला जाताना नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ चा हिशेब येऊ द्या, तिथे हेच काम असतं. कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या निम्मा काळ काढला की जामीन, पूर्वी कधीच दोषी न ठरलेल्याने एक तृतीयांश. साध्या चोरीची कमाल तीन वर्षं, म्हणजे दीड वर्ष किंवा एक वर्ष. अर्ज करायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये हे जुन्या खटल्यांनाही लागू केलं. चुका कुठे होतात: फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा असेल तर हे कलम लागत नाही, एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तरी लागत नाही, आणि आरोपीमुळेच झालेला विलंब वजा होतो. यादी करताना अटकेची तारीख, कमाल शिक्षा, आधीची शिक्षा आणि इतर खटले हे चार रकाने हवेतच. ‘इतर खटले’ बहुतेक यादीत कोराच असतो. तो ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नावाने शोधून भरायचा. सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र क्रमांक) मिळाला तर उत्तम, नावाच्या स्पेलिंगने घोटाळे होतात. पाटीलच्या किती पाटील निघतात ते आपल्याकडे सांगायला नको.

रावेरची केळी
पुढे पोटापाण्याचं?

काळा कोट
थोडक्यात. वकिलीच्या सनदेसाठीची नोंदणी फी सर्वसाधारणांना ७५०, अनुसूचित जाती-जमातींना १२५ यापेक्षा जास्त घेता येत नाही, जुलै २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. मग अखिल भारतीय बार परीक्षा. न्यायाधीश व्हायचं तर मे २०२५ च्या निकालानंतर कनिष्ठ स्तराच्या परीक्षेला तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक झाली, त्यामुळे ‘पदवी झाली की थेट जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी)’ हा जुना सल्ला देणं बंद करा. गुन्हेशास्त्राची जोड खरी कामाला येते ती परिविक्षा अधिकारी, बाल न्याय मंडळासमोरचं काम, विधी सहाय्य आणि संशोधन इथे. नुसत्या क्रिमिनॉलॉजीच्या पदवीवर जिल्ह्याच्या गावात नोकऱ्या फार नाहीत, हे मुलांना स्पष्ट सांगावं.

पांझराकाठ
शेवटचं. सीईटीची कागदपत्रं आणि माध्यम. नंदुरबार, साक्री, शिरपूरकडची मुलं इथेच मागे पडतात.

भरीतभाकरी
राज्याच्या लॉ सीईटीला मराठी-इंग्रजी दोन्ही आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, फक्त इंग्रजीत, १२० प्रश्न, दोन तास, चुकीला पाव गुण वजा. पाच वर्षांच्या कोर्सला बारावीत खुल्या गटाला ४५, इतर मागासांना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा फॉर्म भरला असं नाही. कॅपची (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची) नोंदणी वेगळी, तिची मुदत वेगळी, आणि तिथेच दर वर्षी मुलं राहतात. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीच्या वर्षातच टाका, समितीकडे महिने जातात. नॉन-क्रीमी लेअर ३१ मार्चपर्यंत वैध असतो, जुना लावला की कागद तपासणीत खुल्या गटात ढकलतात. मधे वर्ष गेलं असेल तर खंडाचं शपथपत्र.

माध्यमाचं म्हणाल तर जिल्हा कोर्टात फिर्याद, जबाब, पंचनामा, साक्ष सगळं मराठीत, उच्च न्यायालयात इंग्रजी. दोन्ही लागणार. सवय म्हणून रोज एक पंचनामा मराठीतून इंग्रजीत करून बघा. ‘डाव्या कुशीवर पडलेल्या स्थितीत’, ‘बांधाच्या पूर्वेस अंदाजे बारा फुटांवर’ हे इंग्रजीत बिनचूक आलं की बाकीचं येतं. अहिराणीत दिलेला जबाब मराठीत उतरवतानाच अर्थ कसा निसटतो, त्यासाठी वेगळा धागा काढा पांझराकाठ भाऊ, तो विषय इथे मावणार नाही.

पांझराकाठ
काढतो. धरणगाव, पारोळ्याकडचे अहिराणी जाणणारे वकील तिकडे या.